डावा खिसा

ट्रक विकला त्याच आठवड्यात
माळ्यावरून मशीन खाली काढलं.
सासूबाईंचं. काळं, लोखंडी, बैलासारखं जड.
त्यातलं मला एवढंच कळत होतं की
तेल कुठे घालायचं. ते तीनदा घातलं.
पहिल्या महिन्यात जे जे शिवलं
त्याला अजून गॅरेजचा वास येतो.

दोलोनची खिंड मी बर्फात ओलांडलीय,
मागे वीस टन कोळसा घेऊन, रात्री,
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात भाकरी.
पण सुईत दोरा ओवताना बोटं कापतात
हे शेजारच्या साल्कीन आपानं पाहिलं.
ती हसली नाही.
म्हणून तिच्याकडे शिकायला गेलो.

ती म्हणाली, कापड ओढू नकोस,
ते चालतं आपल्या पायांनी.
तू फक्त वळणावर सावध राहा.
म्हटलं, आपा, हे मी तेवीस वर्षं करतोय.
म्हणाली, मग बघू तुझी उशीची खोळ.

खोळ चारी बाजूंनी शिवली होती.
उशी बाहेर.

मग स्वयंपाकघराचा पडदा, एक पाय आखूड.
मग सैकालचा झगा, ज्याची एक बाही
ती मान तिरकी केली तरच सरळ दिसे.
मग जुन्या कोटाच्या अस्तराचा याक,
पोटात फाटक्या गादीतली लोकर,
शिंग एकच, कारण दुसरं उलटं करताना फाटलं.
बेकबोल म्हणाला, हा कुत्रा छान आहे.
मी म्हटलं, हो, कुत्राच आहे.
तेव्हापासून तो त्याच्या उशाशी झोपतो
आणि भुंकतो सुद्धा, म्हणे, लांडगे आले की.

उसवायला मी लवकर शिकलो.
साल्कीन आपा म्हणते, निम्मी शिलाई तीच.
चिंध्या मात्र ती मोजून घेऊन जाते,
माझ्या तेलकट डांगरीचीसुद्धा एक पट्टी.
तिच्या कुराकात, लाल त्रिकोणांच्या मधोमध,
ती आता ऐटीत बसलीय.

कॉलरपाशी अडलो.
आइझादाला मॉस्कोला फोन लावला.
चार वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात आहे,
तिला नाही तर कुणाला विचारायचं?
कॉलर आधी मानेला जोडायची की आधी उलटायची?

पलीकडे शांतता.
मला वाटलं, नेटवर्क गेलं.
मग म्हणाली, कॉलर मला येत नाही.
मी खिसे लावते. दिवसाला सहाशे.
फक्त डावे.
उजवे पलीकडच्या टेबलावरची बाई लावते,
तिचं नावही अजून नीट माहीत नाही.
आख्खा शर्ट, ती म्हणाली,
मी दुकानातच पाहते.

कॉलर चौथ्यांदा बसली.
काजं साल्कीन आपानं करून दिली.
खिसा काय, दहा मिनिटांचं काम, ती म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे तेवढा.

ऑगस्टच्या शेवटी बसवाल्याबरोबर पुडकं आलं.
माझ्या पाठीचं मलम, चॉकलेटं, सैकालचे बूट,
आणि वर्तमानपत्राच्या घडीत एक खिसा.
आकाशी. कडा दुमडलेल्या,
वरच्या काठावर दुहेरी टीप
अशी सरळ, की पट्टी ठेवून पाहिली
तर पट्टीच वाकडी वाटावी.

शर्ट पांढरा होता. शाळेचा नियम.
लावला.

एक सप्टेंबरला बेकबोलला फोनसमोर उभं केलं.
तिनं डोळे बारीक केले, कारखान्यातल्या सारखे.
दीड सेंटिमीटर वर लागलाय, म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही
आणि या खेपेला
मी नेटवर्कला दोष दिला नाही.

बेकबोलनं खिशात हात घातला,
कुरुतचा एक खडा काढून
फोनच्या काचेला टेकवला. घे, म्हणाला.
खरीच ती पुढे वाकली.

संध्याकाळी साल्कीन आपाकडे गेलो.
काजं शिकायची राहिलीत.